लेव्हल क्रॉसिंग

मुदखेड हे जंक्शन आहे. एक लोहमार्ग परभणीवरून मनमाडकडे जातो, दुसरा धर्माबाद-निजामाबादवरून सिकंदराबादकडे आणि तिसरा भोकरवरून आदिलाबादकडे. रूळ आले की फाटक आलं आणि फाटक आलं की ते पाडणारा माणूस आला. रेल्वेच्या कागदात फाटकाला लेव्हल क्रॉसिंग म्हणतात. हा शब्द ज्यानं कुणी घडवला त्याला सातवा वेतन आयोग स्वप्नात दिसला असावा. कारण फाटकावरचा माणूस बहुधा वेतनाच्या पहिल्या लेव्हलवर असतो, म्हणजे मूळ वेतन 18,000 रुपयांपासून. त्यानं फाटक पाडलं की पलीकडे एखाद्या उपजिल्हाधिकाऱ्यांची गाडी थांबते, आणि त्यांची श्रेणी राज्याच्या तक्त्यात एस-20, म्हणजे 56,100 पासून पुढे. पहिल्या पायरीनं विसाव्या पायरीला भर उन्हात उभं करावं आणि विसाव्या पायरीनं काचा वर करून गप बसावं, ही गोष्ट आपल्या प्रशासनात दुसरीकडे सहसा होत नाही. आता त्या पाच मिनिटांत कुणाचं काम जास्त मोलाचं? साहेबांच्या सहीला एक दिवस उशीर झाला तर फाईल एक दिवस उशिरा हलेल, आणि फायलीला त्याची सवय असते. फाटक एक मिनिट उशिरा पडलं तर दुसऱ्या दिवशी पेपरच्या पहिल्या पानावर मुदखेडचं नाव. तरीही एकाला 18,000 आणि दुसऱ्याला 56,100. पगाराचा तक्ता काहीतरी मोजतो यात शंका नाही. पण तो काम मोजतो असं मानायला फाटकावर तरी काही पुरावा सापडत नाही.

माझं म्हणणं असं की वेतनश्रेणी दोन माणसांमधलं अंतर मोजते. काम हे त्या अंतराला चिकटवलेलं लेबल. सरकारी नोकराला स्वतःच्या पगाराबद्दल विचारा, तो म्हणेल, चाललंय ठीक. शेजारच्या टेबलावरच्या माणसाची श्रेणी सांगा, मग पाहा. दर दहा वर्षांनी आयोग बसतो, तक्ता छापला जातो, आणि पहिल्याच दिवशी जो तो आपली ओळ बघायच्या आधी खालच्याची ओळ बघतो. खालचा वर सरकला असेल तर आपली वाढ ही वाढच नव्हे. मग निवेदनं जातात, शिष्टमंडळं जातात, आणि आयोगाच्या मागून वेतनत्रुटी निवारण समिती नावाचं दुसरं शेपूट निघतं. महाराष्ट्रात सातव्या वेतनासाठी के. पी. बक्षी यांची समिती झाली, नवे पगार जानेवारी 2019 पासून हातात पडू लागले. तरी त्रुटी उरल्या म्हणून 2024 मध्ये मुकेश खुल्लर यांची समिती नेमावी लागली. या समित्यांपुढं आलेल्या मागण्यांचा सूर ओळखीचा असतो. माझं काम कठीण आहे म्हणून पैसे द्या, असं क्वचित कुणी म्हणतं. पूर्वी आम्ही आणि ते एका श्रेणीत होतो, आता ते पुढं गेले, आम्हाला तिथं नेऊन बसवा, हे बहुतेकांचं म्हणणं. केंद्राच्या तक्त्यात तर अठरा लेव्हल असूनही एकोणीस स्तंभ आहेत, कारण तेरा आणि चौदाच्या मध्ये 13-ए नावाची एक लेव्हल आहे. दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यावर कुणाचं तरी बिऱ्हाड असावं तशी ती आहे. ज्यांना तेरावर बसणं अपमानाचं आणि ज्यांना चौदावर बसवणं चौदावाल्यांना अपमानाचं, त्यांची सोय तिथं झाली असावी असं मला वाटतं.

अंतर हेच खरं चलन असेल तर ते रुपयांतच द्यायला हवं असं नाही, नावातही देता येतं. रेल्वेनं हे फार सुंदर सिद्ध केलं आहे. मुदखेडच्या फलाटावरून गाडी सुटताना शेवटच्या डब्यातून जो हिरवं निशाण दाखवतो त्याला शंभरावर वर्षं गार्ड म्हणत. गार्ड म्हटलं की लोकांना बँकेच्या दारात बसणारा सुरक्षारक्षक आठवतो, अशी तक्रार होती. जानेवारी 2022 मध्ये रेल्वे बोर्डानं आदेश काढला आणि गार्ड ट्रेन मॅनेजर झाला. मालगाडीवरचा तो गुड्स ट्रेन मॅनेजर, मेल-एक्स्प्रेसवरचा मेल-एक्स्प्रेस ट्रेन मॅनेजर. त्याच आदेशात हेही स्वच्छ लिहिलं होतं की वेतनस्तर, काम, जबाबदारी, ज्येष्ठता यांतलं काहीही बदलणार नाही. निशाण तेच, शिट्टी तीच, लेव्हल पाच किंवा सहा तीच. मालगाडीचं मॅनेजमेंट म्हणजे साठ वाघिणींच्या मागे एका डबड्यात एकट्यानं रात्र काढणं, तेही तेच. रुळाची गस्त घालणारा गँगमन आधी ट्रॅकमन झाला, मग ट्रॅक मेंटेनर. हातातला हातोडा मात्र नामांतरानं हलका झाला नाही. आणि साहेबाच्या बंगल्यावर भाजी आणणाऱ्या, पोरं शाळेत सोडणाऱ्या माणसाला रेल्वेच्या दप्तरी नाव होतं टेलिफोन अटेंडंट कम डाक खलाशी. एका माणसात टेलिफोन, टपाल आणि जहाज अशी तिन्ही खाती बसवणारं हे पदनाम म्हणजे प्रशासकीय साहित्यातला एक मानदंड मानायला हरकत नाही. 2020 मध्ये या नेमणुका थांबवल्या गेल्या. भाजी तेव्हापासून कोण आणतं, हे धोरणात्मक बाब असल्यानं आपण त्यात शिरू नये.

राज्य सरकार याबाबतीत रेल्वेच्या मागे राहिलेलं नाही. निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या गावात दप्तर पटवाऱ्याकडे असे. पुढे तो तलाठी झाला. 2024 मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. मग कोतवालाचा महसूल सेवक झाला. 2025 मध्ये कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी झाला. यात शब्द तेच आहेत, फक्त जागा बदलून मागं एक अधिकारी लावला आहे. गावात आता अधिकारी नसलेला माणूस शोधायचा तर शेतकऱ्याकडे जावं लागतं. याला कुणी म्हणेल की नाव बदलल्यानं कुणाचं काय बिघडलं, मान मिळतो तर मिळू द्या. बिघडत काहीच नाही, आणि माझा मुद्दाही तोच आहे. फेरफार जितक्या दिवसांनी व्हायचा तितक्याच दिवसांनी होतो, सातबारा जसा होता तसाच आहे, पण पंचायत समितीच्या बैठकीत कोण कुणाच्या आधी बसणार, हा प्रश्न नव्यानं निघतो. पदनामं बदलायची परंपरा आपल्याकडे थोर आहे, हेही खरं. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी पेशव्याला मुख्यप्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव केलं. पण महाराजांनी त्याबरोबर आणखी एक गोष्ट केली होती, ती नंतरच्या नामांतरकारांना जमली नाही: वतनं आणि जहागिरी वाटत बसण्याऐवजी त्यांनी रोख पगारावर भर दिला.

आता हे अंतर भूगोलातही कसं घुसतं ते मुदखेडात उभं राहून पाहावं. टपाल कार्यालयात केंद्र सरकारचा मल्टी टास्किंग स्टाफ असतो. पूर्वीचा शिपाई, दफ्तरी, चौकीदार, माळी असे सगळे उकळून हा एक अर्क काढला आहे. त्याचं मूळ वेतन 18,000 पासून. तहसील कार्यालयात राज्य सरकारचा शिपाई असतो, तो एस-1, मूळ वेतन 15,000 पासून. दोघंही साहेबाला पाणी देतात. पाणीही एकाच गावचं. तीन हजारांचा फरक ना पाण्यात आहे ना तांब्यात. तो दिल्ली आणि मुंबई यांच्यामधल्या अंतरात आहे, आणि त्याचा हिशोब मुदखेडात होतो. मग घरभाडं. केंद्रानं शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग केले आहेत. मुंबई-पुणे एक्स, नांदेड-वाघाळा वाय, आणि मुदखेड अर्थातच झेड. घरभाडे भत्ता या क्रमानं 24, 16 आणि 8 टक्के होता, महागाई भत्ता वाढत गेला तसा 30, 20 आणि 10 झाला. झेड हा दर्जा सुरक्षेत मिळाला तर माणूस छाती काढून चालतो, घरभाड्यात मिळाला तर नांदेडला बदली मागतो. नांदेड ते मुदखेड वीस-पंचवीस किलोमीटर. एवढ्या अंतरात भत्त्याचा दर निम्मा होतो. म्हणून लोक राहतात नांदेडला, नोकरी करतात मुदखेडला, आणि रोज अपडाऊन करतात. भाडं वायचं भरतात, भत्ता झेडचा घेतात, आणि मधल्या फरकाचं दुःख सकाळच्या गाडीत वाटून घेतात. मुख्यालयी न राहता घरभाडं उचललं जातं हा विषय 2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत काढला तेव्हा शिक्षक रस्त्यावर उतरले. दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं, पण गावात राहायला भाड्यानं मिळेल असं घर आहे का, हा साधा प्रश्न त्या गदारोळात मागंच पडला. भत्त्याला घराशी काही देणंघेणं असतं, हे दोघंही बहुधा विसरून गेले होते.

ही नुसती आजची खोड आहे असं समजू नये. जुन्या गावगाड्यात बलुतेदारांच्या तीन ओळी असत, थोरली, मधली आणि धाकटी. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 च्या ‘गावगाडा’त त्याचा तपशील दिला आहे. त्यांना कासही म्हणत, जणू गाव ही गाय आणि कुणी आधी प्यायचं हे ठरलेलं. ही वेतनश्रेणी जन्मानं मिळे, मरणानंतर मुलाकडे जाई, आणि तिच्यात पदोन्नतीची तरतूद नव्हती. ज्यांना जुनी व्यवस्था फार सुसंवादी वाटते त्यांनी धाकट्या ओळीत बसून एकदा खळ्यावर जाऊन यावं. वरच्या अंगाला मोगलांनी मनसबीचा तक्ता केला होता. अबुल फझलनं ‘आईन-ए-अकबरी’त मनसबीचे 66 दर्जे दिले आहेत. आपल्या राज्य शासनाचे 31 आहेत, तेव्हा साडेचारशे वर्षांत आपण निम्म्यावर आलो, ही प्रगतीच. शाहजहानच्या काळात त्यात एक खास सुधारणा झाली. मनसबदाराला कागदावर बारा महिन्यांचं वेतन आणि त्याबदल्यात जहागीर. पण जहागिरीचा वसूल कागदाइतका कधी येईना, म्हणून आठमाही, सहामाही, चारमाही असे दर्जे ठरले. म्हणजे वर्षाचा पगार मंजूर, हाती पडेल तो चार महिन्यांचा. दख्खनच्या जहागिरींची वसुलीबद्दलची ख्याती विशेष वाईट होती. मानधन तत्त्वावर काम करणाऱ्या आजच्या कुणाही दख्खनी माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

इथं एक शहाणा आक्षेप येतो. सरकारी आयोग जुन्या ढंगाचे असतील, पण खाजगी उद्योगांत आता काम शास्त्रानं मोजतात. हे खरं आहे. अमेरिकेत एडवर्ड हे नावाचे एक गृहस्थ होऊन गेले (‘हे’ हे त्यांचं आडनाव, सर्वनाम नव्हे). त्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर पद्धत काढली की प्रत्येक पदाला गुण द्यायचे: त्या कामाला ज्ञान किती लागतं, त्यात अडचणी सोडवाव्या लागतात किती, आणि परिणामांची जबाबदारी किती. बेरीज करायची, श्रेणी ठरवायची. बड्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत ही किंवा हिच्या वंशातली पद्धत आजही चालते. आता मुदखेडच्या फाटकावरच्या माणसाला या तराजूत घालू. ज्ञान? फाटक पाडता आलं पाहिजे, सिग्नल कळला पाहिजे. फार गुण नाहीत. अडचणी सोडवणं? अडचण आली तर वरच्यांना फोन, गुण नाहीत. परिणामांची जबाबदारी? इथं तर गुणांचा पाऊस पडायला हवा, कारण त्याच्या हँडलखाली एक अख्खी एक्स्प्रेस आहे. पण पद्धत अशी की जबाबदारीबरोबर अधिकार किती, स्वातंत्र्य किती, हेही बघतात, आणि फाटकवाल्याला स्वातंत्र्य शून्य. त्यानं आपल्या मनानं काही करूच नये यासाठी तर त्याला ठेवलं आहे. मग बेरीज फिरून जिथं होती तिथंच येते. शास्त्र खोटं नाही. पण गुण कशाला द्यायचे हे ठरवणारी मंडळी कायम वरच्या मजल्यावर बसलेली असतात, आणि वरच्या मजल्यावरून जे दिसतं त्याला गुण मिळतात. मिरची पिकवणारा मिरचीचा ठसका मोजायला बसला तर निकाल वेगळा लागेल, पण त्याला कमिटीवर घेत नाहीत.

शास्त्राचा दुसरा दाखला तर मुदखेडच्या दारात आहे. इथं केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तेव्हा जोखीम आणि खडतर सेवा हे शब्द गावाला अनोळखी नाहीत. सातव्या आयोगानं जोखीम आणि कष्ट यांचाही एक चौकटीचा तक्ता केला, तीन बाय तीन, आणि त्याच्या डोक्यावर एक वेगळी चौकट सियाचीनसाठी. कल्पना उत्तम. 2017 मध्ये सरकारनं सियाचीनचा भत्ता वाढवला: जवानांना दरमहा 14,000 चे 30,000 आणि अधिकाऱ्यांना 21,000 चे 42,500. कुणालाही कमी मिळावं असं माझं म्हणणं नाही, दोघांनाही आणखी द्यावं. पण हा भत्ता हुशारीचा नाही, शिक्षणाचा नाही, हुकूम देण्याचाही नाही, त्यासाठी मूळ वेतनात फरक आधीच केलेला आहे. हा फक्त थंडीचा आणि जिवावरच्या धोक्याचा. आणि थंडी मोजायला थर्मामीटर लावला तर तो शून्याखाली पन्नास दाखवेल, खांद्यावरचे तारे पाहून आकडा बदलणार नाही. तरी तक्त्यात थंडीला दोन दर आहेत. वेतनश्रेणी अंतर मोजते हे ज्याला अजून पटलं नसेल त्यानं हे साडेबारा हजार कशाचे, याचा खुलासा करावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि त्यापुढं मान झुकवावी लागते. श्रेणी नको तर काय हवं? मोंढ्यातल्या अडत दुकानात मुनीम आणि हमाल यांना लेखी श्रेणी नाही. तिथं पगार मालकाच्या मर्जीवर, नात्यावर, आणि दिवाळीच्या सुमारास मालकाचा मूड कसा आहे त्यावर. वीस वर्षं काम केलेला मुनीम आणि काल आलेला मालकाचा भाचा यांत कोण वरचढ, हे सांगायला तक्ता लागत नाही. त्या मानानं सरकारी तक्ता, कितीही वाकडा असो, भिंतीवर लावता येतो, वाचता येतो, त्यावर भांडता येतं, कोर्टात जाता येतं. दिल्ली पोलिसांतला एक ड्रायव्हर असाच सर्वोच्च न्यायालयात गेला. रेल्वे संरक्षण दलातला ड्रायव्हर तीच गाडी चालवतो आणि जास्त पगार घेतो, मग मला कमी का? 1982 च्या रणधीर सिंग खटल्यात न्यायालयानं त्याचं म्हणणं मान्य केलं आणि समान कामाला समान वेतन हे तत्त्व उचलून धरलं. महाराष्ट्रात 1977 च्या डिसेंबरात र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचारी संपावर गेले आणि 54 दिवस राहिले, केंद्राइतका महागाई भत्ता हवा म्हणून. मोंढ्यातल्या मुनिमाला असा संप करता येत नाही, कारण तो कुणाच्या बरोबरीनं पगार मागणार? ज्याच्याशी तुलना करायची तो माणूसच कागदावर नाही. तेव्हा श्रेणी ही ढालही आहे, हे मी मान्य करतो. पण ढालीच्या या सगळ्या लढाया पाहा: ड्रायव्हरनं दुसऱ्या ड्रायव्हरकडे बोट दाखवलं, राज्यानं केंद्राकडे. न्याय मिळाला तोही शेजारच्याची ओळ वाचूनच मिळाला.

म्हणून ज्याला कागदावर ओळच नाही त्याची खरी पंचाईत. त्याच्यासाठी भाषा कामाला लावली आहे. अंगणवाडी 1975 पासून चालू आहे, पण सेविकेला पगार मिळत नाही. तिला मानधन मिळतं, कारण ती कागदोपत्री मानसेवी. आशा ताईला मोबदला मिळतो, तोही कामागणिक. ग्रामीण डाकसेवकाला जे मिळतं त्याचं दप्तरी नाव वेळेशी निगडित सातत्य भत्ता. हे नाव पूर्ण उच्चारेपर्यंत एक पत्र वाटून होतं. नव्या शिक्षकाला तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणतात, आणि प्राथमिकला 16,000 रुपये देतात, तेही 2023 पासून; त्याआधी 6,000 होते. मान, सेवा, सातत्य, मोबदला असे सगळे चांगले शब्द जिथं एकत्र जमलेले दिसतात तिथं पगार नाही, हे ओळखावं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असं सांगितलं, तेव्हा कुठं निवृत्तीपुरती ती कर्मचारी झाली. गावानं मात्र ही एकतीस श्रेणींची भानगड केव्हाच निकालात काढली आहे. मुलगा पाहायला आलेल्या पाहुण्याला एस-8 आणि एस-10 यांतला फरक माहीत नसतो आणि जाणून घ्यायचाही नसतो. तो एवढंच विचारतो, “परमनंट हाय का?” या तक्त्यात दोनच चौकटी, हो आणि नाही. 2023 मध्ये तलाठ्याच्या 4,644 जागांची जाहिरात निघाली तेव्हा दहा लाखांवर अर्ज आले, ते काही फेरफार नोंदवण्याची आवड अनावर झाली म्हणून नव्हेत.

आत शिरल्यावर पुढची वाट सोपी असते. राज्यात आश्वासित प्रगती योजना आहे: दहा, वीस आणि तीस वर्षांनी पदोन्नती न मिळालेल्याला वरची श्रेणी आपोआप. प्रगतीचं आश्वासन देणाऱ्या योजना या देशात पुष्कळ झाल्या, पण दिलेली तारीख पाळणारी ही बहुधा एकच. आणि ज्या पदाला वरही वाट नाही आणि बाजूलाही नाही त्याला शासन निर्णयात एकाकी पद म्हणतात. इतका हळवा शब्द मंत्रालयात कुणाला सुचला, त्या कक्ष अधिकाऱ्याला शोधून काढलं पाहिजे. तो बहुधा अशाच पदावर असावा.

आता आठवा वेतन आयोग आला आहे. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई अध्यक्ष आहेत आणि अहवालाला अठरा महिने दिले आहेत, तेव्हा नांदेड-मुदखेड अपडाऊनच्या डब्यात फिटमेंट फॅक्टरचं, म्हणजे जुनं मूळ वेतन कितीनं गुणायचं याचं, गणित रंगलेलं आहे. मागच्या वेळी तो 2.57 होता. पण या सगळ्या इमारतीची पायाची वीट कशी पडते तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. सर्वांत खालचे 18,000 आले कुठून? 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं, पोषणतज्ज्ञ डॉ. वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांच्या मोजमापावरून, एका कामगार कुटुंबाला किती लागतं ते ठरवलं: माणशी रोज 2,700 उष्मांक, वर्षाला 72 वार कापड. त्या यादीवर किमती लावून सातव्या आयोगानं आकडा काढला. यादीत तांदूळ आणि गहू आहेत, डाळ आहे, दूध-अंडी-मांस आहे, ज्वारी नाही. मराठवाड्याची भाकरी वेतनात धरलेली नाही, गव्हाच्या हिशोबात खायची. आणि कुटुंब म्हणजे किती माणसं? चार. पण ती चार मोजत नाहीत, तीन मोजतात: नवरा एक, बायको 0.8, आणि दोन लेकरं 0.6 प्रमाणे 1.2. परिषदेच्या ठरावात पुढे असंही आहे की बायकामुलांची कमाई हिशोबात धरू नये. एकापासून चौदापटीपर्यंत चढत गेलेल्या त्या तक्त्याच्या तळाशी, पहिल्या लेव्हलच्याही खाली, घरातल्या घरात एक श्रेणी आधीच लागलेली आहे. मुदखेडची शेती फुलांची. मोगऱ्याच्या कळ्या उजाडायच्या आत तोडाव्या लागतात आणि तोडणी किलोवर असते. तोडणाऱ्या बहुतेक 0.8 असतात, आणि त्यांनी आणलेले पैसे व्याख्येप्रमाणे नसतात. मग त्या घरी येऊन चूल पेटवतात. खुल्लर समितीच्या कार्यकक्षेत ही त्रुटी बसत नव्हती. कमी धरलेले ते दोन दशांश कुठून वाचतात, हे रात्री सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर कोण जेवायला बसतं आणि तेव्हा टोपलीत किती भाकरी उरलेल्या असतात, ते पाहिलं की कळतं.